भरली मिरची आणि मुंबईची दमट हवा

मुलुंडच्या आमच्या इमारतीत जूनमधल्या पहिल्या पावसाच्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास जिन्यात उभं राहिलं, की कुठल्या मजल्यावर काय तळलं जातंय ते न विचारता कळतं. कांद्याची भजी नाकाला आधी कळतात, मिरचीची घशाला. तिसऱ्या मजल्यावर कुणी मिरची तेलात सोडली की पाचव्यावर ठसका लागतो. आणि त्यानंतरच्या आठवड्यात लिफ्टमध्ये किंवा बाजारात हमखास एक प्रश्न येतो: "अहो, माझी मिरची तेलात फुटते हो. सारण बाहेर येतं, पीठ सुटतं, सगळी कढई काळी होते. काय चुकतं?"

गेली पंचवीस वर्षं मी या मिरच्या करते आहे. सुरुवातीला मीही तिखटपणाला, बेसनाला, गॅसला दोष देत होते. आता खात्रीनं सांगते, दोष पाण्याचा असतो. धुतलेल्या मिरचीवर राहिलेलं पाणी, सारणातल्या कांद्याचं पाणी, पातळ भिजवलेल्या पिठाचं पाणी, आणि आपल्या मुंबईच्या हवेतलं पाणी. भरलेली मिरची तळण्याचं सगळं कसब म्हणजे हे पाणी वेळोवेळी बाहेर काढणं. ते जमलं की बाकी सगळं सोपं आहे.

बाजारापासून सुरुवात करू. भरायला लागते ती लांब, जाड, फिकट पोपटी रंगाची भावनगरी मिरची. मुलुंड असो की घाटकोपर, "भजीची मिरची द्या" म्हटलं की भाजीवाला तीच काढून देतो. बारीक ज्वाला मिरची ठेच्याला आणि फोडणीला उत्तम, पण तिच्या पोटात सारण मावत नाही आणि तिखटपणा सोसत नाही. भावनगरी घेताना सरळ मिरच्या निवडा. वाकड्या मिरचीला चीर देताना सुरी दुसऱ्या बाजूनं बाहेर येते आणि मग त्या भोकातून तेल आत शिरतं. देठ हिरवा आणि घट्ट हवा, कारण पिठात बुडवताना तोच आपला दांडा. मिरची दाबून पाहिली की ताठ लागली पाहिजे. सुरकुतलेली मिरची स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तिची साल चिवट झालेली असते.

भावनगरी कमी तिखट हे सर्वसाधारण खरं, पण एकाच ढिगातली एखादी मिरची डोळ्यांतून पाणी काढते. पाण्याचा ताण बसलेल्या झाडाची मिरची सहसा जास्त तिखट होते, म्हणून उन्हाळ्यातल्या भावनगरीवर विश्वास ठेवू नये. मी घरी आणल्यावर दोन-तीन मिरच्यांची देठाजवळची बारीक चकती कापून जिभेच्या टोकाला लावून पाहते. शेंड्याकडून चाखून उपयोग नाही, कारण तिखटपणा जिथे तयार होतो तो पांढरा गाभा देठाकडच्या बाजूला जास्त असतो. आपल्याला वाटतं बिया तिखट असतात. खरं तर कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरांमध्ये तयार होतं, आणि बियांना ते नुसतं लागलेलं असतं. म्हणून मिरची सौम्य करायची असेल तर बिया झटकून थांबू नका, चमच्याच्या मागच्या टोकानं ती पांढरी शीर खरवडून काढा. घरात लहान मुलं किंवा वयस्क माणसं असतील तर एवढं एक काम अर्धा तिखटपणा उतरवतं.

या कामाआधी दोन्ही हातांना खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा, किंवा पातळ हातमोजे घाला. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे काम संपल्यावर नुसत्या पाण्यानं हात धुतले तर जळजळ तशीच राहते; आधी तेल चोळायचं, मग साबण लावायचा. डोळ्यांत लेन्स घालणाऱ्या मुलींनी तर मिरची चिरण्याआधीच लेन्स काढून ठेवावी. रात्री काढताना बोटांचा तिखटपणा डोळ्यात जातो आणि फार त्रास होतो.

आता कोरडेपणाकडे येते. मिरच्या धुवा, पण चीर देण्याआधी धुवा. चिरल्यावर धुतलं की पाणी पोटात जाऊन बसतं आणि ते कुठल्याही फडक्यानं पुसता येत नाही. धुतलेल्या मिरच्या सुती पंचावर पसरून पंख्याखाली किमान तासभर ठेवा. पावसाळ्यात तासभर पुरत नाही. जुलैमध्ये आमच्याकडे दोरीवरचे कपडे तीन दिवस ओले राहतात, तिथे मिरची तासात कशी वाळेल? मी पावसाळ्यात सकाळीच धुऊन ठेवते आणि दुपारी करायला घेते. देठाच्या बुंध्याशी, जिथे हिरवी टोपी असते, तिथे पाण्याचा थेंब लपून राहतो. तो बोटानं पुसून घ्या. तेलातला पहिला मोठा "फट्" आवाज बहुतेक वेळा त्याच थेंबाचा असतो.

चीर एकाच बाजूनं, देठापासून बोटभर सोडून सुरू करायची आणि शेंड्याच्या बोटभर आधी थांबवायची. आरपार गेलेली चीर म्हणजे उघडी पिशवी.

सारणाच्या बाबतीत उपनगरांत राहण्याचा एक मोठा फायदा आहे. मुलुंड-घाटकोपरच्या इमारतींत मराठी आणि गुजराती घरं दाराला दार लावून असतात, आणि मिरचीचं सारण दोन्हीकडून ये-जा करतं. माझ्या सासूबाई दाण्याचा कूट, तीळ आणि सुक्या खोबऱ्याचं सारण करायच्या. समोरच्या मासींनी मला भाजलेल्या बेसनाचं सारण शिकवलं. मी गेली कित्येक वर्षं दोन्ही एकत्र करते, आणि मला विचाराल तर भजीसाठी यापेक्षा चांगलं सारण नाही. कारण पुन्हा तेच: भाजलेलं बेसन मिरचीच्या अंगातलं पाणी स्वतःत शोषून घेतं आणि फुगून जागेवर घट्ट बसतं.

दहा-बारा मिरच्यांसाठी अर्धी वाटी बेसन घ्या. दोन मोठे चमचे तेलात मंद आंचेवर भाजा. घाई करू नका; सात-आठ मिनिटं लागतात. कच्चट वास जाऊन लाडवाच्या बेसनासारखा खमंग वास सुटला आणि रंग जरा गडद झाला की उतरवा. त्यात दोन मोठे चमचे दाण्याचा जाडसर कूट, एक मोठा चमचा भाजलेले तीळ, तेवढंच किसून भाजलेलं सुकं खोबरं, दोन लहान चमचे धने-जिऱ्याची पूड, पाव चमचा हळद, चांगली चिमूटभर हिंग, एक लहान चमचा आमचूर, एक लहान चमचा साखर आणि चवीनं मीठ. आंबटपणासाठी लिंबू पिळण्याचा मोह होतो. ते करू नका, आमचूरच वापरा. कोथिंबीर घालायची असेल तर आदल्या रात्री निवडून कागदावर पसरून सुकवलेली घाला. कच्चा कांदा मात्र या सारणात अजिबात नको. मीठ लागल्यावर कांदा पाणी सोडतो आणि मग ते पाणी तेलात वाफ होऊन बाहेर यायला वाट शोधतं. मुठीत दाबलं की लाडवासारखं वळेल आणि बोटानं ढकललं की मोकळं होईल, एवढं कोरडं सारण हवं.

बटाट्याचं सारण ज्यांना आवडतं त्यांनी जोधपूरच्या मिरची वड्याच्या वाटेनं जावं. बटाटे उकडून सोलून अर्धा तास उघडे ठेवायचे, वाफ पूर्ण निघून गेली की मगच कुस्करायचे. गरम बटाटा कुस्करून लगेच भरला की तो चिकट होतो आणि आतून मिरची शिजवून मऊ करतो. हैदराबादकडे चिंचेचा कोळ आणि तिळाचं घट्ट वाटण भरतात. चव सुरेख, पण दमट हवेत ते सांभाळायला कठीण. पहिल्यांदा करणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

भरताना मिरची दाबून भरू नका. चीर पुन्हा बंद होईल, ओठांसारखी जुळेल, एवढंच सारण. भरलेल्या मिरच्या दहा मिनिटं तशाच ठेवा. तेवढ्यात मीठ लागून चिरेच्या कडेला ओल दिसू लागते. ती पुसा आणि प्रत्येक मिरची कोरड्या बेसनात हलकेच घोळवून झटका. पुष्कळ जण ही पायरी गाळतात, आणि मग भजी खाताना मिरची एकीकडे आणि पिठाचं टरफल दुसरीकडे निघतं. कोरड्या बेसनाचा हा थर मिरचीच्या गुळगुळीत सालीला आणि भिजवलेल्या पिठाला एकत्र धरून ठेवतो.

पीठ भिजवायला एक वाटी बेसन चाळून घ्या. पावसाळ्यात बेसनाला ओल लागून गुठळ्या होतात, म्हणून चाळणं टाळू नका. दोन चमचे तांदळाचं पीठ, अर्धा चमचा हातावर चोळलेला ओवा, हळद, मीठ. लाल तिखट नको; आत मिरची आहेच. पाणी अर्ध्या वाटीपासून सुरू करून थोडं थोडं वाढवा. चमचा उलटा केला की पीठ फितीसारखं सलग पडलं पाहिजे. दुधासारखं धावलं तर पातळ झालं, गोळ्यांनी पडलं तर घट्ट. शेवटी मोठा चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. सोडा घालायचाच तर बोटांच्या चिमटीत येईल त्याच्या निम्मा, आणि तोही अगदी तळण्याच्या क्षणी. जास्त सोड्यानं भजी फुगते खरी, पण जाळीतून तेल पिते, आणि दुसऱ्या घासाला तोंड तेलकट होतं.

तेलाचं तापमान 170 ते 180 अंश सेल्सिअस असावं. घरात तापमापक नसतो, पण पिठाचा थेंब असतो. थेंब टाकला की तो तळाला जाऊन लगेच वर आला आणि त्याच्याभोवती बुडबुडे नाचले तर तेल तयार. तळालाच बसून राहिला तर थांबा. टाकताक्षणी तपकिरी झाला तर गॅस बारीक करून मिनिटभर वाट पाहा. कढईत एका वेळी तीनच मिरच्या सोडा. आपल्या स्वयंपाकघरातल्या कढया लहान असतात, सहा मिरच्या सोडल्या की तेल एकदम थंड होतं. सोडताना देठ धरून, चिरेची बाजू वर ठेवून, आपल्यापासून दूरच्या दिशेनं अलगद सोडा. पहिली वीस सेकंद झारा लावू नका. मग मध्यम आंचेवर उलटत-पालटत चार-साडेचार मिनिटं. बुडबुडे कमी झाले, आवाज बारीक झाला, म्हणजे आतली वाफ संपत आली. काढण्याची खूण मी रंगापेक्षा कानानंच ओळखते.

वडापावच्या गाडीवरची तळलेली मिरची घरी करायची असेल तर एवढं लक्षात ठेवा: कुठलीही मिरची अख्खी, चीर न देता, तेलात सोडू नका. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी तशी सोडली होती. बंद मिरचीतली वाफ कोंडली, मिरची फुटली आणि तेल मनगटावर उडालं. तो डाग अजून आहे. चीर दिलेली मिरची अर्धा मिनिट तळून, गरम असतानाच वर मीठ भुरभुरवलं की झालं. आणि तेल उडून भाजलंच तर त्या जागी नळाचं साधं वाहतं पाणी वीस मिनिटं सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांपैकी काहीही लावू नका. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर गॅस बंद करून वर झाकण ठेवा. पाणी चुकूनही ओतू नका.

तळलेली मिरची वर्तमानपत्रावर काढायची सवय आपल्या सगळ्यांच्या घरात होती. ती सोडा. छपाईची शाई गरम तेलात उतरते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2023 मध्ये विक्रेते आणि ग्राहक दोघांनाही वर्तमानपत्र न वापरण्याचं पुन्हा बजावलं आहे. स्टीलच्या जाळीवर काढणं सर्वांत उत्तम, कारण कागदावर ठेवलेल्या भजीच्या खालच्या बाजूला वाफ धरते आणि ती बाजू मऊ पडते. उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळणीला वापरू नका. बेसिनमध्येही ओतू नका. इमारतीची पाइपलाइन तुंबली की सगळ्या मजल्यांना त्रास.

मिरचीच्या भजीसोबत कडक चहा घेतात. मी त्याआधी वाटीभर घट्ट दही ठेवते, आणि त्याला कारण आहे. जिभेवरचा जो संवेदना-ग्राही कॅप्सेसिन ओळखतो, तोच साधारण 43 अंशांच्या वरची उष्णताही ओळखतो. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. तिखट खाऊन वर गरम चहा प्यायला की भडका का वाढतो, ते यातून कळतं. गार पाणी क्षणभर बरं वाटतं पण तिखट धुऊन नेत नाही. दही-दुधातलं केसीन हे प्रथिन मात्र त्या द्रव्याला धरून बाजूला करतं. घाटकोपरला फाफड्यासोबत तळलेल्या मिरच्या आणि बेसनाची कढी देतात, हुबळी-धारवाडकडे मिरची भजीच्या जोडीला चुरमुऱ्यांचं गिरमिट असतं. शेजारी मऊ, सौम्य काहीतरी हवंच.

हे झालं पावसाळ्याचं. पण भरून तळण्याच्या मिरचीचा आपला खरा वारसा उन्हाळ्यात आहे: सांडगी मिरची. इथे पाणी काढण्याचं काम पंख्याऐवजी सूर्य करतो आणि तळणी महिन्यांनी होते. ती विकत मिळते म्हणून घराघरांतून सुटत चालली आहे, याचं मला फार वाईट वाटतं. विकतच्या मिरचीत मीठ भरमसाट असतं आणि धने नावापुरते.

एक किलो आखूड, जाड सालीच्या फिकट हिरव्या मिरच्या घ्या. धुऊन, पुसून, एक रात्र घरातच पसरून ठेवा. एक वाटी धने, दोन मोठे चमचे मेथीदाणे आणि पाव वाटी मोहरी वेगवेगळी कोरडी भाजून जाडसर कुटा. मेथी बदामी रंगापलीकडे नेऊ नका, कडू होते. त्यात एक मोठा चमचा हळद, दोन लहान चमचे हिंग, पाऊण वाटी मीठ घालून सहा-सात लिंबांच्या रसात किंवा आंबट दह्यात कालवा. हो, इथे लिंबू चालतं, कारण पुढे सगळं उन्हात जाणार आहे आणि आंबटपणा व मीठ मिळून मिरची वाळेपर्यंत तिला राखतात. मिरच्या भरून स्टीलच्या डब्यात किंवा बरणीत दोन दिवस मुरू द्या, रोज एकदा हलवा. सुटलेलं पाणी फेकू नका, वाळवताना तेच वरून चोळा.

आता मुंबईचा प्रश्न. सगळी वाळवणं मेमध्ये करायची ही सवय देशावरची आहे. आपल्याकडे मेमध्ये ऊन कडक असलं तरी हवा समुद्राच्या पाण्यानं भरलेली असते. दिवसा वाळलेली मिरची रात्री पुन्हा ओल धरते, कारण तिच्या पोटातलं मीठ हवेतली ओल ओढतं. म्हणून मी फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात करते. तेव्हा बरेच दिवस जमिनीकडून कोरडं वारं येतं. मेमध्ये आठ-दहा दिवस लागतात, तिथे मार्चमध्ये पाच-सहा दिवसांत मिरची वाजायला लागते.

तुमच्या घराला ऊन कधी येतं तेही पाहा. मुलुंड पश्चिमेला आमच्या मावळतीला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत, त्यामुळे संध्याकाळचं ऊन लवकर जातं. सकाळी आठलाच ताटं बाहेर हवीत. बोरिवली पूर्वेला तेच डोंगर उगवतीला, तिथे सकाळ उशिरा सुरू होते पण संध्याकाळ लांबते. गच्चीची किल्ली सोसायटीकडून मिळत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर खिडकीच्या ग्रिलमध्ये दोन स्टीलची ताटं मावतात. वर पातळ मलमल किंवा जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घट्ट बांधा. कबुतरांसाठी तो लागतोच, आणि आता शेजारी-पाजारी पुनर्विकासाची कामं सुरू आहेत, त्यांच्या सिमेंटच्या धुळीसाठीही. खाली खोदकाम सुरू असेल त्या दिवशी ताट बाहेर ठेवूच नका. सूर्य कलला की ताटं आत घ्या आणि मिरच्या रात्रभर झाकणाच्या डब्यात ठेवा. ऊन दडलं तर ओव्हन 60 अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून, दोन-तीन तास.

वाळली की नाही ते मोडून पाहा. कट्कन तुटली तर झाली, वाकली तर आणखी एक दिवस. काचेच्या कोरड्या बरणीत भरा आणि जून लागण्याआधी एका कोरड्या दिवशी तासभर पुन्हा ऊन द्या. एवढं केलं की पुढच्या होळीपर्यंत टिकते.

तळताना तेल भजीच्या तेलापेक्षा कमी तापलेलं हवं, कारण आता मिरचीत पाणी नाही आणि ती पंधरा-वीस सेकंदांत करपते. कढईत सोडली की फुगते, रंग हिरवट-राखाडीवरून गडद तपकिरी होतो. पूर्ण तपकिरी होण्याच्या जरा आधीच काढा, उरलेला रंग जाळीवर येतो. खिडकी उघडा आणि पंखा बंद ठेवा, नाहीतर खकाणा सगळ्या घरात फिरतो. मऊ दहीभात कालवून, वर हिंग-जिऱ्याची फोडणी घालून, त्यात दोन मिरच्या हातानं चुरा. देठ बाजूला काढा, बाकी सगळी जाते. चुरल्यावर लगेच खा. पाच मिनिटांत ती दह्यातलं पाणी पिऊन मऊ होते.